पाहुणीचा आवाज

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला, तेव्हा कलमकाका गालाला साबण फासून आरशासमोर उभे होते. फोन कुलसचिव बाईंचा होता. बाई नऊच्या आत सख्ख्या भावालाही फोन करत नाहीत, हे अख्ख्या विद्यापीठाला ठाऊक होतं.

“आजचा ‘मागचा बाक’ ऐकलात?”

“नाही अजून. का?”

“त्या पाहुण्या मुलीचा आवाज तसाच्या तसा गेलाय. न बदलता.”

कलमकाकांनी वस्तरा बेसिनच्या कडेला ठेवला आणि साबण तसाच वाळू दिला.

‘मागचा बाक’ हा विद्यार्थ्यांचा पॉडकास्ट. दर सोमवारी सकाळी सातला विद्यापीठाच्या नेटवर्कवरून तो प्रसारित व्हायचा. हे नेटवर्क सांभाळणारे अधिकारी म्हणजे कलमकाका. तीन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या पॉडकास्टसाठी नियमावली हवी असं ठरलं, आणि या गृहस्थांनी बसून सतरा कलमं लिहून काढली. तेव्हापासून त्यांचं खरं नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही. मुलं पाठीमागे कलमकाका म्हणायची. त्यांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही.

त्यातलं कलम नऊ त्यांचं सर्वांत लाडकं होतं. तक्रार सांगणाऱ्या पाहुण्याचा आवाज बदलूनच प्रसारित करावा. हा नियम मोडल्यास कार्यक्रमाच्या सूत्रधाराचं नाव विद्यापीठाच्या पटावरून कमी करावं.

“पाहुणी कुठे आहे आता?” त्यांनी विचारलं.

“वसतिगृहाच्या खोलीला कुलूप आहे. फोन बंद. आणि तिच्या लॅबचे प्रमुख दहा मिनिटांपासून मला फोन करतायत. कार्यक्रम मी काढून टाकायला सांगितलाय, पण ज्यांनी ऐकायचा त्यांनी ऐकला.” बाई थांबल्या. “उद्या अकराला समिती बसते. तोवर छडा लावा. नाहीतर त्या सूत्रधार पोरीचं नाव मला कापावं लागेल.”

ते घाईघाईने निघाले. दारात आठवीतली मुलगी बुटाची नाडी बांधत होती.

“बाबा, बदकाचं काय झालं?”

“कुठलं बदक?”

“ते हो, शुक्रवारचं.” तिने नाक दाबलं आणि कर्कश्श आवाज काढला, “‘माझी चार वर्षं गेली, क्वॅक क्वॅक!’”

शुक्रवारी कार्यक्रमाची अर्ध्या मिनिटाची झलक आली होती. बदललेला आवाज बादलीत तोंड घालून बोलणाऱ्या बदकासारखा लागत होता. जेवताना मुलीने त्याची नक्कल केली, तेव्हा कलमकाकांना इतकं हसू आलं होतं की पाणी नाकात गेलं. आज हसू आलं नाही.

“शाळेला उशीर होतोय तुला,” ते म्हणाले.

सूत्रधार मुलगी साडेआठलाच त्यांच्या केबिनबाहेर बसलेली होती. तिला सगळे माईक म्हणायचे, कारण तोंडाला विश्रांती म्हणून नव्हती. शेवटचं वर्ष. वडील बस चालवायचे, आणि त्यांच्या घरातली ही पहिलीच पदवी. आज मात्र माईक बंद होता. हातात पोचे पडलेली स्टीलची बाटली होती, आणि दर वाक्याला ती त्यातलं पाणी पीत होती.

“ध्वनिमुद्रण कधी केलंस?”

“बुधवारी दुपारी, सर.”

“मूळ फाइल?”

“त्याच संध्याकाळी तुमच्याकडे मोहोरबंद संग्रहात दिली. संमतीपत्रासकट. कलम दहा.”

“तुझ्याकडची प्रत?”

“आवाज बदलला आणि शनिवारी पुसून टाकली. कलम अकरा.”

“कुणाला दिली होतीस? मैत्रिणीला, भावाला?”

“सर, सावलीलासुद्धा नाही दिली.”

“बदललेला आवाज परत मुळासारखा करता येतो?”

“नाही. तुम्हीच ते सॉफ्टवेअर निवडलंत ना?”

निवडलं होतं. तिथेच घोडं पेंड खात होतं. मूळ आवाज फक्त मोहोरबंद संग्रहात होता. संग्रह उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक त्यांची, एक कुलसचिव बाईंची. आज सकाळीच त्यांनी नोंद पाहिली होती. बुधवारनंतर तो कुणी उघडलेला नव्हता. मग जो आवाज कुणाकडे नव्हताच, तो गेला कसा? एकच उत्तर शिल्लक राहत होतं, की ही पोरगी खोटं बोलतेय आणि प्रत तिच्याकडेच होती.

“काल दुपारी चार ते साडेपाच स्टुडिओतलं मशीन तुमच्या कार्यक्रमाच्या खात्यावर चालू होतं,” ते म्हणाले. “पाच बावीसला फाइल बदलली गेली. रविवारची ती वेळ तुझीच आहे.”

“वेळ माझी आहे, पण मी गेले नाही. काम संपलं होतं, सर. मी खोलीत झोपले होते.”

“कुणी पाहिलं?”

“झोपलेल्या माणसाला कोण बघत बसतं?” तिचे डोळे भरून आले. “मी तिला शब्द दिला होता, सर. तुझा आवाज कुणाला ओळखू येणार नाही म्हणून. पटावरून नाव गेलं तर बाबांना काय सांगू, ते तरी मला कळतंय. पण तिला काय सांगू?”

कलमकाकांना तिची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. चौकशी करणाऱ्याने दया खिशात ठेवावी.

“आजचा कार्यक्रम पूर्ण ऐकलास?”

“तिचं पहिलं वाक्य ऐकलं आणि बंद केला. नाही ऐकवलं.”

“आणि ती एसीची घरघर? ती का नाही काढलीस? तुझ्या प्रश्नांमागे मला ऐकू आली.”

“पूर्ण काढली की माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. म्हणून मी थोडी ठेवते. नेहमीच.”

स्टुडिओ म्हणजे तळघरातली एक खोली. भिंतींना राखाडी स्पंज, मधे गोल टेबल, दोन खुर्च्या, दोन मायक्रोफोन, कोपऱ्यात संगणक. दारावर मुलांनी चिकटवलेला कागद होता: ‘एसी घरघरतो. तक्रार करून थकलो.’ त्याखाली कलमकाकांच्या सहीचा दुसरा कागद. मिस्त्री शुक्रवारी संध्याकाळी येऊन एसी दुरुस्त करून गेला होता. आता खोलीत इतकं शांत होतं की स्वतःचा श्वास ऐकू यावा.

किल्ल्या सांभाळणारे मामा बाहेर स्टुलावर बसलेले. तीस वर्षांची नोकरी, आणि सतरा कलमं तोंडपाठ असलेला विद्यापीठातला दुसरा माणूस.

“मामा, काल चारला खोली कुणाला उघडून दिलीत?”

“‘मागचा बाक’ला, साहेब.”

“म्हणजे माईकला?”

“कार्यक्रमाला.” मामांनी वही पुढे केली. कार्यक्रमाचं नाव, वेळ, बस्स.

“अहो, माणूस कोण आलं होतं?”

“कलम पाच. खोलीत कोण आलं, कोण गेलं, हे कुणालाही सांगू नये.”

“मी विचारतोय मामा! मीच लिहिलंय ते!”

“हो ना. पण त्यात तुम्हाला सूट आहे असं कुठे लिहिलंय?”

कलमकाकांनी कपाळाला हात लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मामा मात्र हसत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती.

“त्या माईकचं नाव कापणार का, साहेब?”

“तुम्ही बोलला नाहीत तर कापतील.”

मामा बराच वेळ किल्ल्यांचा जुडगा चाळवत राहिले. मग स्टुलाखालून दुसरी, चुरगळलेली वही काढली.

“ही बघा. हिच्याबद्दल कलमात काही नाही. काचेचे ग्लास फुटायला लागले म्हणून मी आपली माझ्यापुरती ठेवलीय. कितींना पाणी दिलं, किती ग्लास परत आले.”

बुधवार, ‘मागचा बाक’: ग्लास एक. रविवार, ‘मागचा बाक’: ग्लास एक.

कलमकाकांनी दोन्ही ओळी वाचल्या, वही परत दिली आणि जिना चढायला लागले. अर्ध्या जिन्यात ते थांबले. मग पुन्हा चढू लागले, पण हळू.

केबिनमध्ये लॅबचे प्रमुख त्यांचीच वाट पाहत होते. उंच, नीटनेटके, आवाज साखरेत घोळलेला. कार्यक्रमातली तक्रार यांच्याबद्दलच होती. यंत्राच्या आवाजावरून त्याचा बिघाड ओळखायचा, यावर पाहुणीने चार वर्षं काम केलं; ते छापून आलं तेव्हा तिच्या नावाच्या जागी यांच्या भाच्याचं नाव होतं. तोंड उघडलंस तर प्रबंध कधीच पास होणार नाही, असं यांनी तिला सांगितलं होतं.

“मला त्या मुलीची काळजी वाटते,” प्रमुख म्हणाले.

“वाटणारच.”

“टोमणा मारू नका. काय वाटेल ते ती माझ्याबद्दल बोलली, तरी माझी विद्यार्थिनी आहे. तिचा खाजगी आवाज चोरून चव्हाट्यावर मांडला, त्या सूत्रधाराला कडक शिक्षा झाली पाहिजे.”

“काल दुपारी तुम्ही कुठे होता?”

“परगावी. परिषदेच्या व्यासपीठावर, दोनशे लोकांसमोर. फोटो पाठवू?”

“आणि भाचा?”

“माझ्या शेजारच्या खुर्चीत.” ते हसले. “मी कशाला तिचा आवाज उघडा पाडीन? बदकाचं बोलणं कोण मनावर घेतं? शुक्रवारी सगळी कँटीन खिदळत होती. ती तिथेच बसली होती म्हणे, बिचारी.”

कलमकाकांनी मान वर केली.

“कोण बसली होती?”

“तीच. ताट तसंच टाकून उठली, असं भाचा सांगत होता. आणि हो, चोरलेलं ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून चालत नाही. तेवढं तुमच्या सतरा कलमांत असेलच.”

ते होतं. कलम चौदा. प्रमुखांनी नियमावली वाचलेली होती, आणि गरज असलेल्या माणसाइतकी बारकाईने वाचलेली होती.

दुपारी दोन वाजता, कुलसचिव बाईंची किल्ली सोबत घेऊन, कलमकाकांनी मोहोरबंद संग्रह उघडला. एका कानाला बुधवारची मूळ फाइल, दुसऱ्याला सोमवारी प्रसारित झालेली, असं करून पाहिलं आणि डोकं गरगरायला लागलं. मग आलटून पालटून ऐकू लागले.

मूळ फाइल सुरू झाली ती तीस सेकंदांच्या शांततेने. हेही त्यांचंच कलम. बोलण्याआधी अर्धा मिनिट गप्प बसून रिकामी खोली मुद्रित करायची, म्हणजे मागचा गोंगाट ओळखून नंतर कमी करता येतो. बुधवारच्या शांततेत एसी म्हाताऱ्या मांजरासारखा घरघरत होता. मग माईकचा पहिला प्रश्न. मग पाहुणीचा दबका, चाचरणारा आवाज. कदाचित माझीच चूक असेल, ती म्हणत होती. कदाचित सरांच्या लक्षात आलं नसेल. कदाचित. त्यांनी मोजले, अकरा वेळा.

सोमवारच्या फाइलमध्ये एकही कदाचित नव्हता.

प्रथम त्यांना वाटलं, माईकने काटछाट केली. नुसता एक शब्द काढायला कितीसा वेळ लागतो? मग त्यांनी आवाज वाढवला आणि शब्दांऐवजी शब्दांमधली शांतता ऐकू लागले. माईकचा प्रश्न: मागे घरघर. पाहुणीचं उत्तर: काही नाही. प्रश्न: घरघर. उत्तर: काही नाही. आणि तो आवाज पत्र्याच्या डब्यातला वाटत नव्हता, चांगला मोकळा होता.

त्यांनी हेडफोन काढून ठेवला. एसीचा मिस्त्री कधी आला होता, ते त्यांना पाठ होतं. सही त्यांचीच होती.

शेवटी संमतीपत्राचा लिफाफा फोडला. गरज पडल्यास कुणाला कळवावं, या रकान्यात तिच्या मावशीचा नंबर होता. त्यासाठीच त्यांनी लिफाफा फोडला होता. पण नंबर उतरवून घेताना नजर कागदाच्या समासाकडे गेली, आणि तिथे बारीक अक्षरात काही लिहिलेलं दिसलं. खाली त्यांचाच शिक्का होता. कलमकाकांनी ते दोनदा वाचलं. शिपायाने आणून ठेवलेला चहा तसाच गार झाला.

मग त्यांनी मावशीला फोन लावला.

“झोपलीय ती,” पलीकडून मावशी कुजबुजली. “तीन दिवसांनी डोळ्याला डोळा लागलाय तिच्या. कोण तुम्ही?”

“उठवू नका. उठली की एवढंच सांगा, उद्या अकराला माईकचं नाव कापणार आहेत. चोरीच्या आरोपावरून.”

“म्हणजे? त्या पोरीचा काय संबंध?”

“तेच तर,” कलमकाका म्हणाले.

मंगळवारी अकराला समितीच्या खोलीत लांब टेबलाच्या एका टोकाला कुलसचिव बाई बसल्या. उजवीकडे प्रमुख, तक्रारदार म्हणून. डावीकडे माईक, मांडीवर बाटली घट्ट धरून. दाराजवळ मामा, साक्षीदार. कलमकाका उभेच राहिले.

“चोर सापडला?” बाईंनी विचारलं.

“नाही, बाई. चोरीच झाली नाही. सगळे साप साप म्हणून भुई धोपटत होतो. मीसुद्धा.”

प्रमुख खुर्चीत सावरून बसले. “आवाज सगळ्या गावाने ऐकलाय.”

“ऐकला. पण तो बुधवारचा नव्हता.” त्यांनी संगणकावर कार्यक्रम लावला. “शब्दांकडे लक्ष देऊ नका. मागचं ऐका. हा माईकचा प्रश्न. घरघर ऐकू येते? बुधवारी एसी बिघडलेला होता. आता हे पाहुणीचं उत्तर.”

खोलीत मोकळा, स्वच्छ आवाज घुमला आणि थांबला.

“घरघर नाही,” बाई म्हणाल्या.

“एसी शुक्रवारी संध्याकाळी दुरुस्त झाला. म्हणजे प्रश्न दुरुस्तीच्या आधीचे आणि उत्तरं नंतरची. मूळ आवाज कुणी चोरला असता, तर त्याच्यामागेही घरघर असती. ती यंत्राने पूर्ण काढली असती, तर आवाज डब्यातून आल्यासारखा झाला असता. ही उत्तरं रविवारी त्या खोलीत बसून नव्याने दिलेली आहेत. खात्यात बदललेल्या आवाजाचा कार्यक्रम तयार होता. त्यातले माईकचे प्रश्न तसेच ठेवले, बदकाची उत्तरं कापली आणि त्या जागी नवी बसवली.”

“कुणी?” प्रमुखांनी विचारलं. “नक्कल करणारी कुणी तोतया असेल.”

“तिच्या वसतिगृहातल्या मैत्रिणींनी, तिच्या लॅबने, तुम्ही स्वतः तो आवाज ओळखलात. आवाज जिचा, तिनेच तो दिला. आणि आवाज कापणं-जोडणं तिला कुणी शिकवायला नको. चार वर्षं यंत्रांचे आवाज कापूनच तिने ते संशोधन केलं. तेच, जे तुमच्या भाच्याच्या नावावर छापलं गेलं.”

प्रमुखांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

“पण ती खोलीत शिरली कशी?” बाई.

“मामांनी दार उघडलं म्हणून. मामांची ग्लासांची वही आहे. बुधवारी एक ग्लास, रविवारी एक ग्लास. माईक कधी ग्लास घेत नाही.” सगळ्यांनी पोचे पडलेल्या बाटलीकडे पाहिलं. “बुधवारचा ग्लास पाहुणीचा होता. रविवारचाही पाहुणीचाच. रविवारी माईक आलीच नव्हती. बरोबर, मामा?”

“कलम पाच, साहेब,” मामा म्हणाले. पण आता त्यांचा चेहरा उजळला होता. “कार्यक्रमाची वेळ होती, आणि कार्यक्रमाचं माणूस होतं. सूत्रधार सोबत पाहिजेच, असं कुठे लिहिलेलं नाही.”

“नाही लिहिलेलं. आणि त्या वेळेत मशीन आपोआप कार्यक्रमाच्या खात्यावर उघडतं, ती सोयही मीच केली. मुलांनी एकमेकांना पासवर्ड देऊ नयेत म्हणून.”

“कथा छान आहे,” प्रमुख म्हणाले. “पण जिची कथा, ती आहे कुठे?”

“बाहेर बाकावर,” कलमकाका म्हणाले. “मामा, दार उघडा.”

मावशीचा हात धरून पाहुणी आत आली. सडपातळ मुलगी, प्रवासात विस्कटलेले केस. माईककडे पाहताच तिचा चेहरा पडला.

“मला माफ कर गं. माझा आवाज आहे, तर जबाबदारी माझीच, असं मला वाटलं. तुला सांगितलं असतं, तर तूही दोषी ठरली असतीस, म्हणून नाही सांगितलं. तरी तुझ्यावरच येईल हे डोक्यात आलं नाही.”

“फोन का बंद केलास?” माईक रडतच ओरडली. “मला वाटलं तू जीव…”

“लॅबमधून सारखे फोन येत होते.”

“बस, मुली,” कुलसचिव बाई म्हणाल्या. “आवाज लपवण्याची सोय तुझ्याच भल्यासाठी होती. मग का केलंस हे?”

“शुक्रवारी मी कँटीनमध्ये जेवत होते. शेजारच्या टेबलावर झलक लावली.” ती थांबली. मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. “ते हसायला लागले. मग एकाने नक्कल केली, मग सगळ्यांनीच. माझी चार वर्षं गेली, असं मी म्हटलं होतं, आणि लोक पोट धरून हसत होते. कदाचित मी बोलतेय तेच हसण्यासारखं आहे, असं मला वाटायला लागलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तसं झालं. सरांनी नाव काढलं, आणि तुम्ही आवाज.”

माईकने आपली बाटली तिच्यापुढे सरकवली.

“परवानगी मागायची होतीस,” बाई म्हणाल्या.

“मागितली होती.”

“कुणाकडे?”

मुलीने कलमकाकांकडे पाहिलं. ते याचीच वाट पाहत होते, आणि हेच टळावं असं त्यांना रात्रभर वाटत होतं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, संमतीपत्र उघडलं आणि समासातलं बारीक अक्षर मोठ्याने वाचलं.

“‘मला माझ्याच आवाजात बोलता येईल का? मला लपायचं नाही.’” त्यांनी कागद बाईंसमोर ठेवला. “खाली शिक्का आहे. ‘तपासले.’ बुधवारची तारीख. सही माझी. त्या संध्याकाळी मी वीस फॉर्मांवर शिक्के मारले, बाई. रकाने पाहिले. समास पाहिला नाही. रकान्यात असं काही विचारण्याची जागाच मी ठेवली नव्हती. चोर शोधत होतात ना? एवढं एक प्रकरण माझ्या नावावर लिहा.”

बाईंनी कागद वाचला, दुमडला आणि निर्णय सांगितला. माईकवर दोष नाही. कलमं सूत्रधाराला लागू आहेत, पाहुण्यांना नाहीत, तेव्हा मुलीवरही नाही. आणि ध्वनिमुद्रण चोरीचं नसल्यामुळे कलम चौदा लागत नाही. तक्रारदाराने स्वतः, स्वतःच्या आवाजात दिलेली ती तक्रार आहे.

“आणि प्रमुख,” त्या म्हणाल्या, “या तक्रारीची चौकशी होईपर्यंत या मुलीच्या प्रबंधाला तुम्ही हात लावायचा नाही.”

प्रमुखांनी घसा खाकरला. यावेळी आवाजात साखर नव्हती. “मी वकिलाशी बोलेन,” ते म्हणाले आणि निघून गेले.

“कार्यक्रम पुन्हा चढवू का?” कलमकाकांनी मुलीला विचारलं. विचारताना त्यांच्या लक्षात आलं की या सगळ्या प्रकरणात तिला कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ आहे.

“चढवा,” ती म्हणाली. “नावासकट.”

संध्याकाळी घरी मुलगी टेबलावर गृहपाठ करत होती. वडिलांना पाहताच तिने नाक दाबलं आणि तोंड उघडलं.

“थांब,” कलमकाका म्हणाले. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि कार्यक्रम लावला. “आधी हे ऐक.”

मुलगी ऐकू लागली. सुरुवातीला पेन्सिलीचं टोक चावत, मग पेन्सिल खाली ठेवून. बावीस मिनिटं ती जागची हलली नाही. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, तरी उठली नाही. कार्यक्रम संपला.

“ही तीच?” तिने हळूच विचारलं.

“तीच.”

“बाबा, आपण हिला हसलो होतो.”

“हो,” कलमकाका म्हणाले, आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.